सुपातून उडालेलं

चिंचदरा, ता. पारनेर
१२ जानेवारी २०२५

दीना,

बजरंग गेला. सव्वीस नोव्हेंबरला, नगरच्या दवाखान्यात. सकाळी चहा मागितला आणि तो यायच्या आत गेला. चौतीस वर्षांचा होता. झुंबरबाईंचा एकुलता एक. शाळेत तुझ्या पुढे दोन इयत्ता होता. प्रकाशाच्या प्रयोगाला तू त्याच्या हातात लेझर दिलास आणि त्याने तो हेडमास्तरांच्या टकलावर मारला, तो बजरंग. पांढऱ्या गिरणीत त्याने पोती भरली, शेवटी श्वास पुरेनासा होईपर्यंत.

बावीस महिने मी तुला लिहिलं नाही. पुण्याची नोकरी सोडून तू बेंगळुरूला गेलीस हेही मला दुसऱ्यांकडून कळलं. पत्ता निकिताने दिला, पुण्यात तुझ्या खोलीवर राहायची तिने. तिच्यावर रागावू नकोस. फोनवर मी तिला अर्धा तास ऐकवलं. शेवटी ती म्हणाली, "काका, पत्ता घ्या, पण थांबा आता."

क्षमा मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्या मार्चमध्ये चावडीसमोर मी जे बोललो ते खरं समजून बोललो. तुझा अहवाल आत्ता माझ्यासमोर आहे. गिरणीचं म्हणणं काय होतं ते तुला आठवत असेल. आम्ही गारगोटी दळतो, धूळ होते हे मान्य, पण आमची धूळ जाड आहे, नाकात अडकते, छातीत जात नाही. सगळी लढाई त्या एका मापावर येऊन थांबली होती. म्हणून मी नमुना तुझ्याकडे पाठवला. राज्यात एवढी सूक्ष्मदर्शकं आहेत, पण मला वाटलं, मोजायचं तर माझ्या मुलीने मोजावं. आणि तू काय लिहिलंस? "पाच मायक्रॉनखालील कण : नगण्य." सुनावणीत त्यांच्या वकिलाने तोच कागद वर धरला आणि म्हणाला, "सरांच्या कन्येनेच मोजलंय. आता आणखी कोणाची साक्ष काढायची?" लोक हसले. परवाना पुन्हा मिळाला.

बजरंग आणखी आठ महिने त्या नळाच्या तोंडाशी पोती धरत राहिला. तोंडाला टॉवेल. मग धाप. मग वर्षभर टीबीच्या गोळ्या, आणि शेवटी नगरच्या डॉक्टरांनी छातीतला तुकडा काढून तपासला तेव्हा कळलं की टीबी कधी नव्हताच. गारगोटी होती. फुप्फुसभर गार.

तेव्हा मला एवढंच सांग. तुझं माप आणि बजरंगचं फुप्फुस, या दोघांतलं खोटं कोण?

हा प्रश्न मी दीड महिना घोकत होतो. आणि परवा झुंबरबाईंच्या ओट्यावर बसलो होतो तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "सर, मी तर लई साफ करून दिलं हुतं. काडी ठेवली नव्हती."

मी विचारलं, "साफ म्हणजे?"

"सुपानं. दोनदा पाखाडलं."

तेव्हा मला कळलं. तुझ्याकडे पोचलेल्या बरणीत धूळ नव्हतीच. धूळ उडून गेल्यावर खाली राहिलेला चुरा होता. तू मोजलंस ते बरोबर मोजलंस.

झुंबरबाईंनी कोणाला न सांगता हे केलं. त्यांचा दोष नाही, अडाणी बाई आहे. दुसऱ्याच्या दारी पाठवायची वस्तू निवडून-पाखडून द्यायची, एवढंच तिला ठाऊक. कळवायचं होतं म्हणून कळवलं.

शांतवन


चिंचदरा
१६ फेब्रुवारी २०२५

दीना,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

पण मागचं पत्र टाकल्यापासून त्यातलं एक वाक्य मला टोचतंय. मी त्याची प्रत ठेवलेली नाही, भाषणांच्या प्रती ठेवायची सवय आहे, पत्रांच्या नाही. तरी ते वाक्य पाठ आहे. "झुंबरबाईंनी कोणाला न सांगता हे केलं."

तसं नव्हतं. मी सांगितलं होतं.

पत्र्यावरून, गोठ्याच्या कौलावरून, शेवग्याच्या पानांवरून आम्ही ती पांढरी धूळ झाडून गोळा केली. त्यात काटक्या होत्या, कोंबडीचं पीस होतं, शेळीच्या लेंड्या होत्या. मी म्हणालो, "हे असं पाठवलं तर पुण्यातले लोक हसतील. माझी मुलगी तिथे आहे. जरा स्वच्छ करून द्या." पाखडा असा शब्द मी वापरला नाही, हे मात्र खरं आहे. स्वच्छ करा म्हणालो. झुंबरबाईंनी आयुष्यभर जे स्वच्छ करणं पाहिलं तेच केलं. डाळ असो, बाजरी असो, वारा बघून उभं राहायचं आणि सूप हलवायचं. जड ते राहतं, हलकं ते जातं.

मी तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं. बारीक कण हवेत किती वेळ तरंगतो हे फळ्यावर गणितासकट लिहून दाखवलं. मग त्या क्षणी ते गणित कुठे गेलं होतं? तुझ्या लॅबसमोर गाव गबाळं दिसू नये, या एका चिंतेने माझी अक्कल झाकली. आयुष्यभर मी व्यासपीठावरून सांगत आलो की लाज ही गरिबाची नसते, गरीब ठेवणाऱ्याची असते. आणि लेंडी दिसेल म्हणून मी पुरावा धुऊन काढला.

बघ, पुन्हा भाषण सुरू झालं.

तुझी आई असती तर एवढ्यात म्हणाली असती, "खाली बसा आता, टाळ्या झाल्या." तुला आठवतं, तू अकरा वर्षांची असताना आपण तिचा केस मोजला होता? पुठ्ठ्याच्या चौकटीत केस ताणला, त्यावर लेझर मारला, आणि तीन मीटरवरच्या भिंतीवर काळ्या-तांबड्या पट्ट्या उमटल्या. पट्ट्यांमधलं अंतर पट्टीने मोजून तू केसाची जाडी काढलीस. पासष्ट मायक्रॉन. आई म्हणाली, "आता भाजीत सापडला की कोणाचा ते मोजून सांगा दोघं." त्या दिवशी तू मला विचारलं होतंस की केस आणखी बारीक असता तर काय झालं असतं. मी म्हणालो होतो, पट्ट्या आणखी लांब पसरल्या असत्या. जितकं बारीक, तितका पसारा मोठा. तू तीनदा मोजून बघितलंस, माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाहीस. तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता.

पप्पा


चिंचदरा
२३ मार्च २०२५

दीना,

आज चर्चमध्ये प्रार्थनेनंतर मंडळी बाहेर उभी होती. नोहा भेटला, तो जामखेडच्या शाळेवर शिकवतो. म्हणाला, "सर, तुमच्या गिरणीवाल्याने खर्ड्याकडे जागा घेतलीय. दुप्पट मोठी गिरणी बांधतोय. अर्जाला दीनाताईंचा अहवाल जोडलाय."

मी विचारलं, "कोणता?"

"तोच. रंगीत झेरॉक्स आहे. त्यांच्या हापिसात काचेच्या फ्रेममध्येही लावलाय म्हणे."

दीना, मी घरी येऊन जेवलो नाही.

त्या बरणीतला चुरा आता दुसऱ्या गावाला सांगणार आहे की ही धूळ निरुपद्रवी आहे. तिथेही कोणी बजरंग नळाच्या तोंडाशी टॉवेल बांधून उभा राहील. सुनावणी जूनमध्ये आहे. हे थांबवायचं तर दोनच गोष्टींनी थांबेल. नमुना पाखडलेला होता असं मी उघड सांगावं. आणि तू तुझा अहवाल मागे घ्यावास.

मी का सांगितलं नाही इतके दिवस, असं तू विचारशील. मी स्वतःला कारण दिलं होतं आणि ते कारण फार सुंदर होतं. मी सांगितलं तर झुंबरबाईंना कळेल की त्यांच्या सुपाने बजरंगला वाचवू शकणारा पुरावा उडवून लावला. मेलेल्या मुलाच्या आईवर आणखी हे ओझं कशाला? म्हणून मी गप्प आहे. किती मोठ्या मनाचा माणूस!

तुझं नाव मातीत गेलं ते चालेल, पण झुंबरबाईंना दुखवायचं नाही. माझं हे गणित तपासून बघ म्हणजे त्यात कोणाची जागा रिकामी ठेवली आहे ते तुला दिसेल.

चावडीसमोर मी तुझ्याविषयी जे बोललो ते शब्द मी इथे लिहीत नाही. ते अजून मोबाईलवर फिरतात. परवा सुप्याच्या स्टँडवर एका अनोळखी माणसाने मला ओळखलं आणि म्हणाला, "सर, तुमी त्येच ना, पोटच्या पोरीला सोडलं न्हाई?" आणि माझ्या पाया पडला. तुझ्या लॅबने त्या भाषणावरून सात महिने तुझी चौकशी केली. तुझ्यावर काही सिद्ध झालं नाही. तरी तुला जावं लागलं. पाया पडणाऱ्याला मी यातलं काही सांगितलं नाही. एसटी आली, मी बसलो.

एक मेच्या ग्रामसभेत मी बोलणार आहे.

पप्पा


चिंचदरा
४ मे २०२५

दीना,

बोललो.

झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटल्या, मग पिंपळाखाली सभा बसली. पाणीपुरवठा झाला, घरकुलाची यादी झाली. उपसरपंच सहादेव म्हणाला, "सरांना दोन शब्द बोलायचेत. दोनच बरं का सर, ऊन लई हाय." लोक हसले. मी उभा राहिलो. झुंबरबाई बायकांच्या मागे, विहिरीच्या कठड्याशी बसल्या होत्या.

मी काही तयारी केली नव्हती. टिपण नव्हतं. मी म्हणालो, दोन वर्षांपूर्वी आपण लॅबला पाठवलेली धूळ पाखडलेली होती. मी स्वच्छ करायला सांगितलं होतं. दीनाने प्रामाणिकपणे मोजलं. मी तिच्यावर खोटा आळ घेतला. खर्ड्याच्या लोकांना हे कळवलं पाहिजे, तुम्ही साक्षीला सह्या द्या.

एवढंच. आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण.

मग सहादेव उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माईकवरून म्हणाला, "सर, लेकीचं काळीज कुनाला न्हाई? इतकी वर्सं तुमी आमच्यासाठी उभं ऱ्हायला, आता लेकीसाठी उभं ऱ्हायला, कुनी नाव ठेवनार न्हाई. पन आमाला येडं समजू नका. सुपानं कुटं लॅब फसती व्हय?"

आणि टाळ्या पडल्या. मला समजून घेतल्याबद्दलच्या टाळ्या. म्हाताऱ्याने मुलीसाठी थोडं खोटं बोललं तर बोलू दे, अशा मायेच्या टाळ्या. मागून कोणीतरी म्हणालं, "काय बी म्हना, सर बोलत्यात झकास."

मी ओरडलो, "हे खरं आहे!" तर ते आणखी हेलावले. एक म्हातारी डोळ्याला पदर लावून बसली. दीना, चाळीस वर्षं मी या लोकांना माझा आवाज ऐकवला. तो कधी चढतो, कधी कापतो, कुठे थांबतो हे सगळं त्यांना पाठ आहे. खोटं बोलताना तो जसा कापला होता तसाच तो खरं बोलतानाही कापला. त्यांनी फरक ओळखायचा तरी कशावरून?

मग विहिरीजवळून झुंबरबाई उठल्या. माईक कोणी दिला नाही. तशाच म्हणाल्या, "मी पाखाडलं हुतं. सर खरं बोलत्यात."

सहादेव हळूच म्हणाला, "मावशी, बसा. तुमचं दुक्क आमाला ठावं हाय."

त्या बसल्या नाहीत. घरी निघून गेल्या. सभा संपली. सह्या किती मिळाल्या ते लिहीत नाही. एकच मिळाली, आणि ती अंगठ्याची आहे.

पप्पा


चिंचदरा
२५ मे २०२५

दीना,

हे पत्र मी सावकाश लिहितोय, कारण यात काही राहून जाऊ नये असं वाटतं.

सभेनंतर आठवडाभर झुंबरबाईंकडे जायचं धाडस झालं नाही. मग त्याच आल्या. हातात फडक्यात गुंडाळलेली काच होती. दवाखान्याने बजरंगच्या छातीतल्या तुकड्याची काचपट्टी कागदांबरोबर त्यांना दिली होती. त्या ती देवळीत ठेवून होत्या. मला म्हणाल्या, "सर, जे उडालं ते किती बारीक हुतं? ह्यात दिसंल का?"

मी त्यांना शाळेत नेलं. सुट्टी होती, चावी शिपायाने दिली. कपाटात तुझ्या वेळचं सूक्ष्मदर्शक अजून आहे. बंद पडलेल्या कॅलक्युलेटरच्या पडद्यावरची पारदर्शक फिल्म मी सोलून काढली. ती विशिष्ट दिशेचाच प्रकाश जाऊ देते, हे तुला मी शिकवलेलं. एक तुकडा काचपट्टीखाली आणि दुसरा डोळ्याशी, आडवा. मग सगळं काळं होतं. मांस, पेशी, बजरंगच्या छातीतलं जे काही बजरंगचं होतं ते सगळं दिसेनासं होतं. फक्त गार प्रकाशाला वळवते, म्हणून ती तेवढी त्या काळोखात चमकत राहते.

मी आधी पाहिलं. मग बाजूला झालो.

झुंबरबाईंनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. मी सांगितलं की डोक्यावरच्या केसाच्या रुंदीत यातले पन्नास कण शेजारी-शेजारी मावतील. त्या म्हणाल्या, "ह्यो बजरंग हाय का गिरनी?"

मी आरसा पुन्हा उजेडाकडे फिरवला.

मग त्या तिथेच विद्यार्थ्यांच्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "त्या दिशी वारं वाड्याकडनं हुतं. बजरंग रात्रपाळी करून आल्ता, बाजंवर निजला हुता. मी पाखडताना समदं त्याच्याकडंच गेलं असंल. तुमी हुता की तिथं."

हो. मी होतो तिथे. हेच मी दोन पत्रांत लपवलं. पहिल्यांदा लिहिलं की मला परवा कळलं, मग लिहिलं की मी फक्त स्वच्छ करा म्हणालो. मी तिथे उभा होतो, दीना. पाच पावलांवर, सुनावणीच्या भाषणाची टिपणं काढत. सुपातून ती धूळ उठली, सकाळच्या उन्हात पांढऱ्या पडद्यासारखी थांबली, आणि मला इतकी सुंदर उपमा सुचली की मी वहीत लिहून घेतली. ती उपमा मी चावडीसमोर वापरली. लोकांना ती फार आवडली. म्हणजे पुरावा माझ्या डोळ्यांदेखत उडत होता आणि मी त्याचं वाक्य करत होतो.

आणि दुसरं. ते तुला ठाऊकच आहे, पण मी लिहिल्याशिवाय ते खरं होणार नाही.

अहवाल द्यायच्या आधी तू फोन केला होतास. म्हणालीस, "पप्पा, या नमुन्यात बारीक कण जवळजवळ नाहीतच, हे विचित्र आहे. याला काही केलंय का? चाळलं, धुतलं, पाखडलं?" तोच शब्द तू उच्चारलास. माझ्या डोळ्यांसमोर लख्ख सूप आलं. आणि मी म्हणालो, "काही केलेलं नाही. गावाची अक्कल काढू नकोस. तू तुझं माप सांग."

तू म्हणालीस, "मग जे आहे तेच मी लिहीन."

तेव्हा मी हो म्हणालो असतो तर तू दुसरा नमुना मागवला असतास. पत्र्यावर ढीगभर होता. आठ दिवसांचं काम होतं. मला वाटलं, एवढ्याशा सुपाने काय होतं? तू कसंही करून आमच्या बाजूचं लिहिशील असंही वाटलं असेल. हे लिहायला हात धजत नाही, पण वाटलं होतं. ज्या मुलीने अकराव्या वर्षी बापाचं वाक्य तीनदा मोजून पाहिलं, तिने बापासाठी डोळा झाकावा, अशी माझी इच्छा होती. तिने झाकला नाही, म्हणून मी तिला गावासमोर विकली गेलेली म्हणालो.

सोबत प्रतिज्ञापत्र आहे. पारनेरला जाऊन केलं. त्यात वरचं सगळं आहे, फोनसकट. झुंबरबाईंचा अंगठा आहे. त्या म्हणाल्या, "लिवा माझं नाव. पन सुनंला वाचून दावू नका, तिला जगायचं हाय."

आणि सोबत ती काचपट्टी आहे. एकच आहे. मी त्यावर कण मोजायचा प्रयत्न केला. मोतीबिंदू झालाय, हात हलतो, एकतीसनंतर चुकलो. तसंही माझ्या मोजण्याला कोण विचारतो? तू मोज. मला लिहू नकोस, फोन करू नकोस, फक्त मोज. खर्ड्याची सुनावणी सव्वीस जूनला आहे.

पप्पा


चिंचदरा
१३ जुलै २०२५

दीना,

तुझं पाकीट झुंबरबाईंच्या नावाने आलं. पोस्टमनने त्यांच्या दारात दिलं आणि त्या ते न फोडता माझ्याकडे घेऊन आल्या. गावात इंग्रजी कागद मीच वाचून दाखवतो, हे तुला ठाऊक होतं. तरी तू मराठी प्रत जोडली होतीस. म्हणजे कोणीही वाचून दाखवू शकलं असतं. त्या माझ्याकडेच आल्या.

ओट्यावर बसून मी वाचलं. तू पहिला अहवाल मागे घेतलास, जुन्या लॅबला आणि खर्ड्याच्या अर्जावर बसलेल्या अधिकाऱ्यांना तसं कळवलंस, हे वाचलं. मोजलेले कण चारशे बारा, हे वाचलं. सरासरी एक पूर्णांक तीन मायक्रॉन. सर्वांत मोठा चार पूर्णांक सहा. झुंबरबाई प्रत्येक आकड्याला मान हलवत होत्या, पोराची प्रगती ऐकावी तशा.

मग "नमुना कसा प्राप्त झाला" असा रकाना आला. त्यात तू लिहिलं आहेस : "टपालाने. काचपट्टीचा क्रमांक रुग्णालयाच्या नोंदीशी ताडून पाहिला. पाठवणाऱ्याच्या म्हणण्यावर विसंबलेले नाही."

ती ओळ मी गाळू शकलो असतो. त्यांना वाचता येत नाही. मी वाचली. त्या म्हणाल्या, "परत वाचा." मी परत वाचली. आवाज चढवला नाही.

"पाठवनारं म्हंजी तुमीच ना?"

"हो."

"बराबर लिवलंय पोरीनं."

खाली सही आहे. दीना, आणि आडनाव. मध्ये माझ्या नावाचं अक्षर असायचं, ते नाही. त्यांनी विचारलं, "आनिक काय लिवलंय?" मी म्हणालो, "एवढंच."

खर्ड्याचा अर्ज तूर्त थांबलाय. नाकारलेला नाही. ट्रकभर गारगोट्या तिथे येऊन पडल्यात असं नोहा सांगतो. इथली गिरणी चालू आहे. हे लिहिताना तिचा आवाज येतोय.

झुंबरबाईंना तीन महिने खोकला आहे. परवा नगरला नेऊन छातीचा फोटो काढला. डॉक्टर माझ्याशी बोलले, त्यांच्याशी नाही. येताना एसटीत त्यांनी खिडकीकडे बघत विचारलं, "माझ्या छातीतलं बी मोजंल का ती?"

मी म्हणालो, "लिहून विचारतो."

म्हणून हे पत्र, एरवी लिहिणार नव्हतो. त्यांच्या फोटोचा नंबर आणि दवाखान्याचा फोन पाठीमागे लिहिला आहे. माझ्या म्हणण्यावर जाऊ नकोस. ताडून बघ.